बॅटरीची खुर्ची आणि कुठं जायचंय हा प्रश्न

एक चप्पल

आजार कळायच्या आधी माझी एक चप्पल हरवली.

भाजी घेऊन घरी आले, दारापुढच्या ओट्यावर टेकले, तर माझी सून वंदना म्हणाली, "मम्मीजी, दुसरी चप्पल?" मी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल, डावा पाय उघडा, तळव्याला डांबर लागलेलं. एप्रिलची दुपार होती. आमच्या बुऱ्हाणपुरात त्या वेळी कुत्रंसुद्धा रस्त्यावर पाय ठेवत नाही, आणि मी अर्धा बाजार अनवाणी तुडवून आले होते. मला काही कळलंच नव्हतं.

"म्हातारी झाले गं," म्हणून मी हसले. वंदना हसली नाही. खाली बसली, माझ्या अंगठ्याला जोरात चिमटा काढला आणि म्हणाली, "लगा क्या?"

मी म्हटलं, "काय?"

तिचा चेहरा मला अजून आठवतो.

पाठ तर चार-सहा महिन्यांपासून दुखतच होती. बाम झाला, पट्टा झाला, बहादरपुरच्या नस बसवणाऱ्याकडे दोनदा जाऊन आले. त्यानं पाठीवर गुडघा दिला, तेव्हा डोळ्यांपुढं काजवे चमकले. ती चूक तुम्ही करू नका, एवढं सांगून पुढं जाते.

इंदूरला एमआरआयच्या बोगद्यात घातलं. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, मणक्याचा टीबी आहे. मी म्हटलं, मला तर खोकला नाही. ते म्हणाले, खोकल्याचा इथं संबंध नाही. मी विचारलं, मग टीबी कसा? त्यांनी परत सांगितलं. मला परत कळलं नाही. माझा मुलगा सुनील शेजारी उभा राहून मान हलवत होता, मला वाटलं याला तरी कळलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "आई, तुला कळलं का काय म्हणाले?"

इंदूरचा दीड महिना

ऑपरेशन झालं. पाठीत स्क्रू बसले. पायांचं मात्र कोणी नक्की सांगेना. एक डॉक्टर म्हणायचे येईल ताकद, दुसरे म्हणायचे बघू. मी ज्या दिवशी 'येईल' ऐकायची त्या दिवशी पोळी जास्त खायची.

वॉर्डात सकाळी उजाडायच्या आत बीपी मोजायला यायचे. दर दोन तासांनी दोन जणी येऊन मला कुशीवर वळवायच्या, जशी आपण तव्यावर भाकरी उलटतो तशी. छताला एक पाण्याचा डाग होता. त्या डागाकडं बघून मी विचार करायची की मी आता सामान झाले का? उचला, ठेवा, वळवा.

सुनीलनं आयुष्यात कधी स्वतःचं ताट उचललं नव्हतं. त्यानं माझं भांडं धरलं. त्या वेळी तो खिडकीकडं बघायचा आणि मी भिंतीकडं. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही, आज इथं पहिल्यांदा लिहिते आहे. आणखी एक सांगते, तिथली एक आया दर रविवारी माझ्या डोक्याला तेल लावून शाळेतल्या पोरीसारखी घट्ट वेणी घालायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं. वेणी झाली की मला वाटायचं मी कोणीतरी आहे.

नातेवाइकांना आम्ही सांगितलं, मणक्यात गॅप आली. टीबी म्हटलं की लोक कपबशी वेगळी ठेवतात, ही भीती. दापोऱ्याची माझी नणंद यमुनाताई, तिच्यापासूनही लपवलं. तिला नंतर कळलं तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, मी तुझ्या ताटातलं उष्टं खाल्लंय वो, मला तू गॅप सांगतेस?" आठ दिवस बोलली नाही. तेव्हा लपवू नका.

औषधं दीड वर्ष चालली. आजार गेला, डॉक्टरांनी तसं लिहून दिलं. पाय पूर्ण आले नाहीत. वॉकर धरून उभी राहते, चार पावलं टाकते, पाचव्याला गुडघे सोडून देतात. कमरेच्या वर मी पूर्वीचीच आहे, आणि तोंड तर पूर्वीपेक्षा जास्त चालतं.

'चला' आणि 'येते'

आता एक आमच्या घरची रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

घरातून बाहेर पडणाऱ्या माणसाला 'कुठं चाललात' विचारायचं नाही. 'कुठं' म्हटलं की ज्या कामाला निघालो ते काम होत नाही. फारच वाटलं तर 'लांब आहे का?' एवढंच विचारायचं. आणि निघणाऱ्यानं 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. ही रीत पुष्कळ घरांत आहे, पण माझ्या सासूबाई फारच कडक. कोणाच्या तोंडून 'कुठं' निघालंच तर निघालेल्याला परत बोलवायच्या, पाटावर बसवायच्या, चिमूटभर साखर तोंडात घालायच्या, मग जाऊ द्यायच्या.

आमचे मास्तर, म्हणजे माझे मालक, शाळेत शिकवायचे. रोज संध्याकाळी पाचला चप्पल घालायचे, छत्री घ्यायचे, ऊन नसो पाऊस नसो, आणि 'येतो' म्हणून निघायचे. सातला परत. पस्तीस वर्षं. मी एकदाही विचारलं नाही. ते जाऊन आता सहा वर्षं झाली, आणि ते रोज कुठं जायचे हे मला आजही माहीत नाही. मी पण दुपारची कामं आवरली की 'येते गं' म्हणून निघायची. मलाही कोणी विचारलं नाही.

चाकाच्या खुर्चीत बसल्यापासून ते बदललं. साधी ढकलायची खुर्ची होती, ढकलायला माणूस लागायचा, आणि माणसाला विचारावंच लागतं. "आई, कुठं जायचं?" "मम्मीजी, कहाँ जाना है, बता दो, मैं कुकर बंद करके आती हूँ." त्यांचं काही चुकत नव्हतं. पण दरवेळी मला काहीतरी जागा सांगावी लागायची. देऊळ सांगितलं की देवळात नेत. दर्शन झालं की परत. निघताना सुनील म्हणायचा, "चला." दोन वर्षांत माझ्या तोंडून 'येते' निघालं नव्हतं. हे मला तेव्हा कळलंही नव्हतं, नुसतं कसंतरी वाटायचं.

प्रत्येकाची वेगळी खुर्ची

मग बॅटरीवर चालणाऱ्या खुर्चीचा विषय निघाला, आणि घरात निवडणुकीसारखं वातावरण झालं.

सुनील म्हणाला घडीची घेऊ, गाडीच्या डिक्कीत बसली पाहिजे. वंदना म्हणाली अरुंद घ्या, स्वयंपाकघरापर्यंत आली पाहिजे. यमुनाताई फोनवरून ओरडली, "बारीक चाकाची घेऊ नका वो बापा! आमच्या केळीच्या बागेत आली तर रुतून बसेल. ट्रॅक्टरसारखी घ्या!" समोरचे एक काका रिटायर झालेले, त्यांनी मोबाईलवर सोळा व्हिडिओ पाठवले. एका व्हिडिओत एक बाई खुर्चीतून डोंगर चढत होती. मला डोंगर कशाला चढायचाय?

शब्द तर असे की डोकं गरगरावं. मोटर पुढच्या चाकाला की मागच्या? बॅटरी कोणती? चालवायची दांडी डावीकडं की उजवीकडं? पाय ठेवायची फळी उचलणारी की बाजूला होणारी? मी एका वहीत लिहायला लागले. एका पानावर घडीची चांगली, दुसऱ्या पानावर घडीची वाईट. दोन्ही मीच लिहिलेलं.

व्यायाम शिकवायला रेखा यायची, फिजिओवाली पोर, नेपानगरची. तिनं माझी वही वाचली आणि ठेवून दिली. म्हणाली, "काकी, हे सगळं नंतर. आधी मला सांगा, तुम्हाला कुठं जायचंय?"

माझ्या मनात चर्र झालं. सासूबाई असत्या तर साखर आणली असती. पण खरं सांगू, साखरेपेक्षा मोठी अडचण ही होती की मला उत्तर येईना. मी नववीपर्यंत शिकलेली बाई, पण सोप्या प्रश्नाला अशी कधी अडले नव्हते. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मग मी म्हातारीला शोभेल असं सांगितलं, "देवळात. आणि तापीवर. घाटावर."

सुनीलनं लगेच मोबाईल काढला. "घाटाला उतार आहे. मोठी चाकं लागतील. जड लागेल."

माझ्या एका खोट्या शब्दावर खुर्ची ठरायला लागली.

गल्लीतली परीक्षा

इंदूरला दुकानात गेलो तेव्हा मी एका लाल खुर्चीवर बसले. फरशी आरशासारखी गुळगुळीत. दांडी जरा पुढं केली आणि खुर्ची निघाली, कोणी ढकललं नाही हो! दोन वर्षांनी मी आपल्या मनानं चार हात पुढं गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुकानदार म्हणाला, "माताजी, यही पैक कर दूँ?" मी हो म्हणणार होते, पण रेखाचे शब्द आठवले. ती म्हणाली होती, काकी, दुकानात रडू येईल, पण घ्यायची आपल्या गल्लीत चालवून.

खुर्च्या घरी आणून दाखवायला दुकानदार मनात नसताना तयार झाला. त्याचा माणूस दोन खुर्च्या टेम्पोत घालून एका सकाळी आमच्या दारात आला.

आमची गल्ली जुन्या शहरातली. दोन बाजूंना नाल्या, नालीवर फरशा, फरशांच्या मध्ये फटी. यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर. त्या दिवशी गल्लीत जत्रा. ओट्या-ओट्यांवर बायका.

पहिली खुर्ची घडीची, लालच. दहा पावलं ऐटीत गेले. मग समोरून म्हैस आली, मी दांडी कडेला घेतली, आणि पुढचं बारकं चाक फरशीच्या फटीत घुसलं. खुर्ची पुढं जाईना, मागं जाईना. दुकानाचा माणूस कोपऱ्यावर चहा प्यायला गेलेला. सुनीलनं ढकलली, हलेना. आणखी दोघे आले, हलेना. ह्या खुर्चीची दांडी सोडली की ब्रेक आपोआप लागतो, आणि ब्रेक सोडायचा खटका खाली मागच्या बाजूला असतो, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. म्हैस आपली माझ्याकडं बघत उभी. कोणीतरी ओट्यावरून म्हणालं, "सुमनताई, म्हशीला बोला, ती ओढेल!" सगळी गल्ली हसली. मीही हसले, पण मनात म्हटलं, एकटी असते तर?

दुकानाचा माणूस चहा पिऊन आला, एका हातानं खटका फिरवला आणि खुर्ची मोकळी. म्हणून सांगते, तो खटका घ्यायच्या आधी बघून ठेवा, आणि शेजारच्या दोघा-तिघांना दाखवून ठेवा.

दुसरी खुर्ची जड, मोठ्या चाकांची. ती फटीवरून अशी गेली की फट होती हेच कळलं नाही. चढावर गेली, खडीवर गेली. यमुनाताई मुद्दाम दापोऱ्याहून आली होती, तिनं टाळ्या वाजवल्या. "बघ! मी म्हटलं होतं नं? ट्रॅक्टर!" सुनील म्हणाला, "बस. हीच. घाटापर्यंत आरामात जाशील."

पण मला त्या खुर्चीत बसवलं कसं होतं? एका बाजूनं सुनील, एका बाजूनं तो माणूस, काखेत हात घालून. ती एवढी उंच की माझे पाय लोंबकळत होते. उतरतानाही दोघं. मी पदर नीट केला आणि हसले. सगळे इतके खूश होते.

जेवताना

दुपारी सगळे जेवायला बसले. दुकानाचा माणूसही बसला होता. सुनील म्हणाला, "मग बुक करून टाकू?"

माझा घास तोंडातच राहिला. मी म्हटलं, "मला घाटावर जायचं नाही."

"म्हणजे? तूच तर म्हणालीस."

"म्हणाले होते."

"मग कुठं जायचंय?"

"कुठंच नाही."

यमुनाताईनं कपाळावर हात मारला. "अवं माय, मग खुर्ची कशाला? खाटच बरी!"

मी म्हटलं, "ज्या खुर्चीत बसायला दोन माणसं लागतात, त्या दोन माणसांना मी सांगूनच निघणार. मग ढकलायची खुर्ची काय वाईट होती?" आवाज चढला होता माझा, मलाच कळत नव्हतं मी कोणावर चिडले आहे.

सुनीलनं ताट सरकवलं. "आई, मी तुला कधी नेलं नाही का? कधी नाही म्हटलं? तू एकटी जाणार, मध्येच अडकशील, पडशील, मी ऑफिसात असेन. तुला माहितीये मी इंदूरला..." आणि तो थांबला. हात धुवायला उठला तो बराच वेळ मोरीतच.

मला वाटलं, झालं, मी माझ्या पोरालाच दुखावलं. ज्यानं माझं भांडं धरलं त्याला.

वंदना पोळ्या करता करता बाहेर आली. हाताला पीठ. ती खंडव्याची, तिचं मराठी अर्धं हिंदीच, पण त्या वेळी तिनंच बरोबर सांगितलं. मोरीच्या दिशेनं बघून म्हणाली, "मम्मीजींना कहीं जाना नहीं है. त्यांना निकलना है. बाबूजी नाही का निघायचे, पाँच बजे?"

यमुनाताई हळूच म्हणाली, "दादा... हो वो." मास्तर तिचा भाऊ ना.

वंदनाची टेप

संध्याकाळी वंदनानं शिवणकामाची टेप काढली. माझी खाट जमिनीपासून किती उंच ते मोजलं. रेखाला फोन लावला. रेखा म्हणाली, हेच तर विचारत होते मी. खाटेएवढीच खुर्ची उंच पाहिजे, हात ठेवायचा दांडा वर उचलता आला पाहिजे, म्हणजे काकी खाटेवरून सरकून स्वतः बसतील. पुढची चाकं फटीपेक्षा रुंद. आणि तिनं सुनीलला सांगितलं, दादा, एकच खुर्ची सगळं करणार नाही. घरात जुनी राहू द्या, बाहेरची बाहेर राहू द्या.

तशीच खुर्ची मागवली, म्हणजे सगळ्यांनी मागितलेलं काहीच नाही. ती डिक्कीत बसत नाही, स्वयंपाकघरात जात नाही, केळीच्या बागेत गेली तर रुतेल, आणि लाल तर नाहीच, राखाडी आहे.

ती ओट्यावर राहते, वर पत्रा टाकला आहे. तिच्या शेजारी तेवढ्याच उंचीचा एक बाक. माझी खाट आता दाराशीच आहे; मी वॉकरनं उंबऱ्याबाहेर चार पावलं टाकते, बाकावर टेकते, बाकावरून सरकून खुर्चीत. पाचवं पाऊल लागतच नाही. ओट्याला उतार करून घेतला. गवंड्यानं सिमेंट ओलं असताना त्यावर खराट्यानं आडव्या रेघा ओढल्या, म्हणजे चाक घसरत नाही. गवंड्याला हे सांगावं लागतं, नाहीतर तो गुळगुळीत करून ठेवतो आणि वर म्हणतो कसं छान झालं. आमच्या दारापासून चौकापर्यंतच्या फटीही सुनीलनं स्वतः उभं राहून बुजवून घेतल्या. माझ्याशी तो तेव्हा तुटक बोलत होता, पण एकेका फटीत पाय घालून बघत होता.

बरोबर निवडली का? मला विचाराल तर अजून नक्की सांगता येत नाही. वहीत अजूनही दोन पानं आहेत. पावसाळ्यात चिखल होईल तेव्हा यमुनाताई म्हणेल, ट्रॅक्टर घ्यायला पाहिजे होता, आणि कदाचित तिचं खरं निघेल. तुमच्या घरी हा विषय चालू असेल तर माझं ऐकून माझीच खुर्ची घेऊ नका. तुमच्या खाटेची उंची मोजा, तुमच्या गल्लीत चालवून बघा, आणि 'कुठं जायचंय' ह्या प्रश्नाला शोभेल ते उत्तर देऊ नका.

पाच वाजता

खुर्ची येऊन चार दिवस झाले होते. चौथ्या दिवशी मी पाचला वेणी घातली, लुगडं नीट केलं. वॉकर घेतला. चार पावलं, बाक, खुर्ची. पट्टा लावला. हात दांडीवर ठेवला. मला वाटलं परत आत जावं, उद्या बघू.

सुनील त्या दिवशी ऑफिसातून लवकर आलेला, तेवढ्यात तो बनियनवरच दारात आला. मला खुर्चीत पाहिलं. त्याचं तोंड उघडलं. मला दिसलं, जिभेवर 'कु' आलेला होता. एक हात पुढं आला, खुर्चीच्या मुठीकडं.

मग त्यानं हात मागं घेतला. चौकट धरली. आणि म्हणाला, "लांब आहे का?"

मी दांडी पुढं केली. खुर्ची उतारावर आली, रेघांवरून चाकं करकरली.

"येते," मी म्हटलं.